सॉल्व्ह आयव्हीपी चालतं, पण उत्तर पटत नाही: स्वतःचं समीकरण सायपायला देताना काय तपासायचं

प्रोजेक्ट जमा करायच्या आधीचे दोन महिने आमच्या कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळेत माझ्यासमोर एकाच दुखण्याचे लॅपटॉप उघडले जातात. समीकरणं वेगवेगळी असतात: कुणाचा लोलक, कुणाची रासायनिक अभिक्रिया, कुणाचा साथीचा रोग, कुणाची तापलेली सळई. तक्रार मात्र एकच असते. "पुस्तकातलं उदाहरण चाललं मॅडम, माझं समीकरण घातलं की बिघडतं." मग सायपायमध्येच, म्हणजे पायथनच्या वैज्ञानिक गणिताच्या लायब्ररीतच, काहीतरी दोष आहे अशी मुलांची समजूत होते. इतक्या वर्षांत मला दोष जवळजवळ नेहमी एकाच जागी सापडला आहे: डाव्या बाजूच्या डेरिव्हेटिव्हचं मूल्य काढून देणारं ते पाच-सात ओळींचं फंक्शन, जे आपण स्वतः लिहितो. सॉल्व्हर, म्हणजे डिफरन्शियल समीकरणं आकड्यांनी सोडवणारं सायपायचं सॉल्व्ह आयव्हीपी, त्या फंक्शनवर डोळे मिटून विश्वास ठेवतो. म्हणून खालच्या बहुतेक तपासण्या त्या फंक्शनच्याच आहेत.

(पायथनमधली नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना अर्थातच मूळ स्पेलिंग वापरा.)

आधी लक्षणं ओळखा

पहिला प्रकार: लगेच लाल अक्षरांत एरर येते. वाय-झिरो (सुरुवातीची स्थिती) एकमितीय हवा, फंक्शनला एक आर्ग्युमेंट कमी पडलं, अ‍ॅरेचे आकार जुळत नाहीत, अशापैकी काहीतरी. हा सगळ्यात सुखाचा प्रकार, कारण चूक स्वतःहून समोर येते.

दुसरा: काहीच होत नाही. प्रोग्राम फिरत राहतो, पंखा जोरात वाजतो, दहा मिनिटांनी तुम्ही कंट्रोल-सी दाबता.

तिसरा: आलेख मध्येच संपतो. मागितले होते शंभर सेकंद, वक्र अडतिसाव्या सेकंदाला थांबलेला.

चौथा: सगळं सुरळीत चालतं, आलेखही गुळगुळीत येतो, पण लोकसंख्या उणे होते, एकूण वस्तुमान हळूहळू वाढत जातं, किंवा दिलेला धक्का उत्तरात दिसतच नाही. हा चौथा प्रकार मला सर्वांत जास्त काळजीचा वाटतो. तो कुणी पाहिला नाही तर तसाच प्रबंधात छापला जातो.

परत आलेलं उत्तर आधी वाचा

याला पैसा लागत नाही आणि वेळ लागतो दहा सेकंद. सॉल्व्ह आयव्हीपी नुसते आकडे देत नाही, त्यांच्यासोबत सक्सेस, स्टेटस आणि मेसेजही देतं. स्टेटस ० म्हणजे शेवटपर्यंत पोचलं, १ म्हणजे तुम्ही सांगितलेल्या घटनेपाशी थांबलं, आणि उणे १ म्हणजे पाऊल टाकता आलं नाही. आलेख काढायच्या आधी हे तिन्ही छापा, शिवाय वेळेच्या अ‍ॅरेतला शेवटचा आकडाही छापा. तिसऱ्या लक्षणाचा उलगडा बहुतेक वेळा इथेच होतो. अनेकांनी मेसेज कधी पाहिलेलाच नसतो.

आणखी एक. उत्तरातल्या वायच्या अ‍ॅरेत ओळी म्हणजे चल आणि स्तंभ म्हणजे वेळा. ओडीई-इंट या सायपायच्या जुन्या सॉल्व्हरमध्ये नेमकं उलटं होतं. जुना कोड नव्यात आणताना आलेख विचित्र दिसू लागला तर आधी ट्रान्स्पोज करून बघा.

टी आधी की वाय आधी

टी म्हणजे वेळ आणि वाय म्हणजे स्थिती; सॉल्व्ह आयव्हीपीला फंक्शन टी, वाय या क्रमाने हवं असतं. ओडीई-इंटला, मुद्दाम टी-फर्स्ट सांगितलं नाही तर, वाय, टी असा क्रम लागतो. इंटरनेटवरचे निम्मे नमुने जुन्या पद्धतीचे आहेत, त्यामुळे ही अदलाबदल सतत होते. चल दोन-तीन असतील तर सुदैवाने पायथन ओरडतं, कारण वेळ हा साधा आकडा असतो आणि त्यातून पहिला-दुसरा घटक काढता येत नाही. पण चल एकच असेल तर चूक गुपचूप पचते.

मी यासाठी मुलांना एक आपल्या मातीतलं उदाहरण देते. १९२७ साली कर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांनी साथरोगांवरचा त्यांचा प्रसिद्ध निबंध लिहिला. त्यात मुंबई बेटावर डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळात प्लेगने झालेल्या मृत्यूंचे आठवड्यागणिक आकडे होते, आणि त्यांवर बसवलेलं सूत्र असं: दर आठवड्याचे मृत्यू म्हणजे ८९० गुणिले सेच-वर्ग (०.२ टी − ३.४). (सेच आणि खालचा टॅनएच ही हायपरबोलिक फंक्शनं.) एकूण मृत्यूंना झेड म्हटलं, तर हेच सूत्र समीकरण म्हणून असं लिहिता येतं:

झेडचा दर = ८९० × (१ − (झेड ÷ ४४५० − टॅनएच ३.४)²), सुरुवातीला झेड = ०.

हे चाचणीसाठी फार सोयीचं आहे, कारण खरं उत्तर हाताशी आहे. सतराव्या आठवड्याला झेड सुमारे ४४४० यायला हवा आणि चौतिसाव्याला सुमारे ८८८०. आता फंक्शनमध्ये टी आणि झेडची जागा बदलून बघा. एरर येत नाही, सक्सेस खरं येतं, आणि सतराव्या आठवड्याचा आकडा येतो सुमारे १२५. साडेचार हजार माणसांच्या जागी सव्वाशे! सॉल्व्हरने काम चोख केलं, पण ते भलत्याच समीकरणावर.

पॅरामीटर पाठवतानाही अशीच एक छोटी खोच आहे. सायपायच्या १.४ आवृत्तीपासून आर्ग्जमधून पॅरामीटर देता येतात, पण ते टपल (पायथनची कंसातली, स्वल्पविरामांनी तोडलेली यादी) हवेत. पॅरामीटर एकच असेल तर कंसातल्या आकड्यानंतर स्वल्पविराम द्यावाच लागतो. नुसता कंस म्हणजे टपल नव्हे.

फंक्शनला हाताने हाक मारा

ही माझी सगळ्यात आवडती तपासणी. मी लॅपटॉप जवळ घेतला की पहिली तीच करते. सॉल्व्हर बाजूला ठेवा. एक वेळ घ्या, एक स्थिती घ्या, फंक्शन थेट बोलवा आणि परत काय आलं ते छापा. शेजारी कागदावर कॅल्क्युलेटरने तेच काढा.

मात्र शून्यावर तपासू नका. वरच्या प्लेगच्या समीकरणात टी = ० आणि झेड = ० घातलं तर ३.९६ येतं, आणि टी-झेडची अदलाबदल झाली असली तरीही ३.९६च येतं! दोन्ही शून्य असल्यावर चूक दिसणार कशी? टी = ५ आणि झेड = ४४५० घ्या. बरोबर फंक्शन ८९० देतं, उलटं झालेलं ६ च्या आसपास देतं. सगळे घटक एकमेकांपासून वेगळे आणि शून्येतर असतील असाच बिंदू निवडा.

आलेल्या उत्तरात चार गोष्टी बघायच्या.

लांबी: वाय-झिरोत तीन घटक असतील तर परतही तीनच यायला हवेत, आणि त्याच क्रमाने. साथीच्या मॉडेलमध्ये सुरुवातीची स्थिती "संसर्गित, निरोगी, बरे झालेले" अशी दिली आणि फंक्शनमध्ये मात्र "निरोगी, संसर्गित, बरे" असा क्रम धरला, हे मी अनेकदा पाहिलंय. दोन्हीकडची लांबी तीनच, त्यामुळे पायथन गप्प बसतं.

नॅन, म्हणजे "हा आकडाच नाही" अशी खूण: फंक्शनच्या शेवटी रिटर्न लिहायचं राहिलं तर नन (पायथनचं "काहीच नाही") परत जातं, आणि नमपाय या अ‍ॅरेच्या लायब्ररीत दशांशात बदलताना त्या ननचा नॅन होतो. उणे आकड्याचं वर्गमूळ किंवा लॉग घेतलं तरी नॅनच. सॉल्व्हर प्रत्येक पावलानंतर विचारतो, चूक मर्यादेपेक्षा कमी आहे का? नॅनशी केलेल्या कुठल्याही तुलनेचं उत्तर "नाही" येतं. मग पाऊल नाकारलं जातं, पुन्हा टाकलं जातं, पुन्हा नाकारलं जातं. दुसऱ्या लक्षणामागे, म्हणजे नुसत्या फिरत राहण्यामागे, हे एक मोठं कारण असतं.

पूर्णांक: फंक्शनच्या आत उत्तरासाठी शून्यांचा अ‍ॅरे हाताने बनवताना नुसती शून्यं लिहिली, तर तो पूर्णांकांचा अ‍ॅरे होतो. त्यात ०.७ ठेवलं की ० उरतो. आलेख सपाट येतो आणि माणूस तासन् तास पॅरामीटर बदलत बसतो. शून्यांपुढे दशांश चिन्ह दिलं की भागतं.

चिन्ह: दर उणे हवा तिथे अधिक आहे का? साथीच्या मॉडेलमध्ये तिन्ही दरांची बेरीज शून्य यायला हवी. आली नाही तर कुठलीतरी एक संज्ञा एका ओळीत आहे आणि दुसरीत राहून गेली आहे.

ऑर्डर दोनचं समीकरण असेल तर त्याचे दोन तुकडे करताना पहिल्या ओळीत वेग परत करायचा असतो, स्थान नाही. लोलक घेतलात तर कोन रेडियनमध्ये द्या. १ मीटरच्या लोलकाचा लहान झोक्याचा आवर्तनकाळ सुमारे २ सेकंद आला की समजा ही पायरी ओलांडली. एककांची चूक फक्त कोनातच होते असं नाही. प्लेगच्या सूत्रात टी आठवड्यांत आहे. कुणी दिवस धरले, तर सर्वोच्च बिंदू सतराव्या आठवड्याऐवजी सतराव्या दिवशी येतो, आणि वक्राचा आकार अगदी तसाच देखणा राहतो.

फंक्शनला स्मरणशक्ती देऊ नका

इथे थोडं थांबून सांगते, कारण हुशार मुलंही इथेच फसतात आणि ही चूक हाताने हाक मारून दिसत नाही.

आपल्या मनात चित्र असं असतं की सॉल्व्हर वेळेच्या रेषेवर एकेक पाऊल पुढे टाकतो आणि दर पावलाला फंक्शनला एकदा विचारतो. प्रत्यक्षात तसं घडत नाही. नेहमीची आरके४५ पद्धत, म्हणजे डॉर्मंड आणि प्रिन्स यांची १९८० सालची जोडी, एका पावलासाठी फंक्शनला नव्याने सहा वेळा विचारते. हे प्रश्न पावलाच्या एक-पंचमांशावर, तीन-दशांशावर, चार-पंचमांशावर, आठ-नवमांशावर आणि शेवटी असतात. त्यातून पाचव्या आणि चौथ्या ऑर्डरचे दोन अंदाज निघतात. त्यांतला फरक जास्त वाटला तर अख्खं पाऊल रद्द होतं आणि सॉल्व्हर मागे येऊन लहान पाऊल टाकतो. म्हणजे तुमच्या फंक्शनच्या दृष्टीने घड्याळ पुढेही जातं आणि मागेही येतं. शिवाय त्याला दिलेल्या कितीतरी स्थिती खऱ्या उत्तरात कधीच नसतात.

आता असं फंक्शन डोळ्यांपुढे आणा, जे दर वेळी एका ग्लोबल यादीत वेळ जोडतं, किंवा "मागच्या वेळी हीटर चालू होता का" हे ग्लोबलमध्ये लक्षात ठेवतं. रद्द झालेल्या पावलातही हीटर चालू किंवा बंद होतो, आणि तो बदल मागे घेतला जात नाही. माझ्याकडे आलेल्या एका विद्यार्थ्याच्या गिझरच्या मॉडेलमध्ये टॉलरन्स (किती चूक चालेल ती मर्यादा) बदलला की हीटर किती वेळा चालू झाला तो आकडाच बदलायचा. तो बिचारा पंधरा दिवस उष्णतेची गणितं तपासत होता, आणि ती गणितं अगदी बरोबर होती. चूक त्या एका ग्लोबल ओळीत होती.

म्हणून नियम साधा ठेवा: तीच वेळ आणि तीच स्थिती दिली की तेच उत्तर, दर वेळी. आत रँडम आकडे नकोत, मोजणी नको. आलेला वाय जागच्या जागी बदलू नका. उणे घटक शून्य करायचा असेल तर आधी प्रत काढा, आणि मुळात तो उणे का झाला ते बघा. वेग वाढावा म्हणून बाहेर बनवलेला एकच अ‍ॅरे पुन्हा पुन्हा भरून परत करू नका, कारण सॉल्व्हरने जपून ठेवलेलं मागचं मूल्य त्यात पुसलं जाऊ शकतं. दर वेळी नवा अ‍ॅरे द्या.

मग हीटर कसा हाताळायचा? इव्हेंट्स वापरून. तापमान ६० अंशांना पोचलं की शून्य होणारं एक छोटं फंक्शन लिहा, त्याचा टर्मिनल गुण खरा करा आणि डिरेक्शन द्या. सॉल्व्हर तिथे अचूक थांबतो, स्टेटस १ येतो. हीटर बंद अशी नवी स्थिती घेऊन तिथूनच पुढचा तुकडा सुरू करा. कोड थोडा लांबतो, पण उत्तर टॉलरन्सवर नाचत नाही.

टॉलरन्स आणि निसटलेले धक्के

सॉल्व्ह आयव्हीपीचा मूळ आरटॉल (सापेक्ष टॉलरन्स) ०.००१ आहे आणि एटॉल (निरपेक्ष टॉलरन्स) ०.०००००१. ओडीई-इंटमध्ये दोन्ही सुमारे ०.०००००००१५ इतके कडक असतात. त्यामुळे तेच समीकरण दोन्हीकडे थोडं वेगळं उत्तर देतं. आरटॉल शंभर पट, मग दहा हजार पट कडक करा. उत्तर स्थिरावलं तर ठीक. तुमच्या चलाचे आकडेच एटॉलपेक्षा लहान असतील, उदाहरणार्थ अब्जांश मोलमधली सांद्रता, तर सॉल्व्हरच्या दृष्टीने ती जवळजवळ शून्यच आहे आणि तो तिची फिकीर करणार नाही. एटॉल प्रत्येक चलाला वेगळा देता येतो. किंवा एककच बदला, ते जास्त बरं.

टी-इव्हॅलबद्दलचा, म्हणजे कुठल्या वेळांची उत्तरं हवीत त्या यादीबद्दलचा, गैरसमज इतका पसरलेला आहे की स्पष्ट सांगायला हवं: टी-इव्हॅलने सॉल्व्हरची पावलं लहान होत नाहीत. पावलं त्याच्या मनाप्रमाणेच पडतात, आणि तुम्ही मागितलेल्या वेळांची मूल्यं मधून काढून दिली जातात. त्यामुळे दहाव्या तासाला सहा मिनिटांचं इंजेक्शन असेल आणि तोवर सगळं शांत असेल, तर सॉल्व्हर मोठं पाऊल टाकून त्या सहा मिनिटांवरून सरळ उडी मारून जाऊ शकतो. मॅक्स-स्टेप (सर्वांत मोठ्या पावलाची मर्यादा) सहा मिनिटांपेक्षा लहान ठेवा. त्याहून चांगला उपाय म्हणजे इंजेक्शनच्या सुरुवातीला आणि शेवटी तुकडे पाडणं.

एवढं करूनही रांगत असेल तर

आता पद्धत बदलायची वेळ. हे शेवटी ठेवलं आहे, कारण फंक्शन चुकीचं असताना पद्धत बदलली तर चुकीचं उत्तर फक्त लवकर मिळतं.

एनएफईव्ही छापा, म्हणजे फंक्शनला किती वेळा विचारलं ते कळेल. वक्र गुळगुळीत आहे आणि आकडा मात्र लाखांत आहे, तर समीकरण स्टिफ असण्याची दाट शक्यता आहे. काही घटक क्षणात निवतात, काही संथ चालतात, आणि साध्या पद्धतीला सगळीकडे त्या क्षणाच्या मापाची पावलं टाकावी लागतात. १ लांबीच्या सळईचे १०० भाग करून उष्णतेचं समीकरण सोडवा. उष्णतेचा विसरणांक १ धरला तर सर्वांत वेगवान घटकाचा दर ४ भागिले ०.०१ चा वर्ग, म्हणजे सुमारे ४०,००० येतो. आरके४५ला स्थिर राहायला पाऊल साधारण ३ भागिले ४०,००० इतकंच परवडतं. एका सेकंदाला तेरा हजारांवर पावलं, प्रत्येकी सहा प्रश्न. भाग दुप्पट केले की पावलं चौपट.

मेथडमध्ये रॅडाउ, बीडीएफ किंवा एलसोडा लिहून बघा. बहुतेक वेळा एका शब्दात काम होतं. जॅकोबियन (प्रत्येक दर प्रत्येक चलाबरोबर कसा बदलतो त्याचं कोष्टक) स्वतः दिलात तर आणखी वेग येतो, पण आधी तो फंक्शनमधल्या लहान फरकांशी ताडून घ्या. चुकीच्या जॅकोबियनपेक्षा तो न दिलेला बरा, सॉल्व्हर स्वतः अंदाज काढतो. सळईसारख्या मोठ्या विरळ प्रश्नांत, जिथे त्या कोष्टकात बहुतेक शून्यंच असतात, जॅक-स्पार्सिटी (शून्येतर जागांचा नकाशा) द्यायला विसरू नका.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

"रिक्वायर्ड स्टेप साइज इज लेस दॅन स्पेसिंग बिटवीन नंबर्स" असा मेसेज सगळ्या पद्धतींत त्याच वेळेपाशी येत असेल तर कोड सोडा. कदाचित उत्तर तिथे खरोखरच अनंताला जातं. वायचा दर म्हणजे वायचा वर्ग आणि सुरुवात १ पासून, हे साधं समीकरण बरोबर टी = १ ला फुटतं, आणि कुठलाही सॉल्व्हर ते पार करू शकत नाही. मॉडेलच तपासायला हवं, आणि ते तुमच्या विषयाचे मार्गदर्शकच करू शकतात.

समीकरणात कालची किंमत आज लागत असेल, म्हणजे विलंब असेल, किंवा यादृच्छिक गोंगाट असेल, किंवा काही ओळींत डेरिव्हेटिव्हच नसून नुसती अट असेल, तर सॉल्व्ह आयव्हीपी हे त्यासाठीचं साधनच नाही. दोन्ही टोकांना अटी असतील तर सायपायमध्येच सॉल्व्ह बीव्हीपी आहे. बाकीच्यांसाठी संख्यात्मक विश्लेषण शिकवणाऱ्या व्यक्तीला विचारा. ओढूनताणून बसवू नका. लॉरेन्झच्या १९६३ सालच्या समीकरणांसारखी गोंधळी प्रणाली असेल, तर टॉलरन्स कडक केल्यावर वक्र काही काळाने वेगळे होणारच. तिथे एकेका वक्रावर निष्कर्ष काढण्याआधी विचारून घ्या. आणि आकड्यावर औषधाचा डोस किंवा एखाद्या बांधकामाची सुरक्षितता ठरणार असेल, तर वरच्या सगळ्या तपासण्या पार झाल्या तरी त्या क्षेत्रातल्या पात्र माणसाने तो पाहिल्याशिवाय वापरू नका.

जाणकाराकडे जाताना दोनशे ओळींची फाइल नेऊ नका. कागदावर लिहिलेलं समीकरण, एकूण वीस ओळींत बिघाड दाखवणारा कोड, सुरुवातीची मूल्यं आणि पॅरामीटर त्यांच्या एककांसह, सायपायची आवृत्ती, छापलेला मेसेज, आणि फंक्शनला एका शून्येतर बिंदूवर हाताने हाक मारून आलेले आकडे सोबत घ्या. ही शेवटची गोष्ट लिहिता लिहिताच बरेच जण माझ्या टेबलापर्यंत न येता माघारी जातात.